कुंदाच्या नावाचा रिपोर्ट

मी मेले आहे हे मला एका सोमवारी सकाळी साडेदहा वाजता कळलं.

तीन महिन्यांच्या गोळ्या संपत आल्या होत्या, त्या घ्यायला मी हॉस्पिटलात गेले होते. काउंटरवरच्या भैयानं कम्प्युटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा कम्प्युटरकडे. म्हणाला, "दीदी, इसमें तो आपकी डेथ लिखी है."

मी हसले. खरंच हसले. म्हटलं, "भैया, ठीक से देखो, मैं तो ऑटो से आई हूँ."

तो हसला नाही. त्यानं स्क्रीन माझ्याकडे फिरवली. कुंदा, वय, नंबर, सगळं बरोबर. शेवटच्या रकान्यात मृत्यू, अन् पुढे तारीख. त्या तारखेला मी काय करत होते ते मला आठवलं. ऑफिसात बड्डे होता, मी दोन वेळा केक खाल्ला होता. मी काउंटर धरून उभी राहिले.

आता तुम्ही म्हणाल, हिचं नाव कुंदा. नाही. माझं नाव वनिता. कुंदा माझी मोठी बहीण. ती सात वर्षांची असताना तापानं गेली, तेव्हा मी चार वर्षांची होते.

हे काय झालं अन् कसं झालं ते सगळं सांगते. एच.आय.व्ही. असलेल्या ज्या बाया हॉस्पिटलातल्या बाकांवर तोंडावर ओढणी घेऊन बसतात, त्यांच्यासाठी सांगते. मीही तशीच बसत होते.

उसनं नाव

माझा नवरा रायपूरला सरकारी ऑफिसात बाबू होता. तो गेला तेव्हा त्याच्या आजाराचं नाव कळलं, अन् पंधरा दिवसांनी तेच नाव माझ्या कागदावर आलं. पोरीची तपासणी केली. रिया निगेटिव्ह निघाली. त्या दिवशी मी हॉस्पिटलच्या पायरीवर बसून पोटभर रडले, अन् मग समोरच्या ठेल्यावर पोटभर समोसे खाल्ले. दोन्ही सांगते, कारण दोन्ही खरं आहे.

नवऱ्याच्या जागी मला नोकरी लागली. ऑफिस तोवर नव्या रायपूरला गेलं होतं, पण लोक औषधपाण्याला शहरातल्या त्याच मोठ्या हॉस्पिटलात यायचे. गोळ्यांसाठी नाव लिहायची वेळ आली तेव्हा दोन माणसं सोडून मागे मला आमच्या सेक्शनचा शिपाई दिसला. काउंटरवरून विचारलं, "नाम?" अन् माझ्या तोंडून निघालं, "कुंदा."

तेव्हा कागद कोणी मागितला नाही. खोटं नाव पटकन सुचत नाही हो. जे नाव पोटात सगळ्यांत खाली पडलेलं असतं तेच वर येतं. आमच्या घरात हे नाव कोणी घेत नव्हतं. आई "ती" म्हणायची, तेही वर्षातून एखाद्या वेळी, अन् मग दिवसभर गप्प राहायची. फोटो नाही, काही नाही.

गोळ्यांसोबत एक हिरवं पुस्तक मिळालं. मी त्याला खाकी कव्हर घातलं अन् वर लिहिलं, "भजनं". गोळ्यांच्या डब्यात कापूस भरला, म्हणजे पर्समध्ये वाजत नाही. बाबा गेल्यापासून आई माझ्याकडेच राहते. एकदा म्हणाली, "वनू, तुह्या वहीतलं एखादं म्हण ना वं." मी म्हटलं, घसा बसला आहे. त्या वर्षी माझा घसा लय वेळा बसला.

अशी वर्षं गेली. गोळ्यांनी मला ठणठणीत ठेवलं. ऑफिसात वनिता जायची अन् हॉस्पिटलात कुंदा. इतकी सवय झाली की भाजीबाजारातही कोणी कुंदा म्हणून हाक मारली तर माझी मान वळायची.

काही तकलीफ नव्हती

हॉस्पिटलात समजावून सांगणाऱ्या एक काउन्सेलर दीदी आहेत. त्या मागे लागल्या. "बच्चेदानी के मुँह की जाँच करवा लो. आप लोगों को तो करवाना ही है."

मी म्हटलं, "मुझे कोई तकलीफ नहीं."

"तकलीफ होने के बाद करोगी तो मैं तुम्हें क्या समझाऊँगी?"

करून घेतली. लाज वाटली, पण पाच मिनिटांत झालं. गर्भपिशवीच्या तोंडाला सिरक्यासारखं, व्हिनेगरच म्हणा, काहीतरी लावून पाहिलं अन् काडीवर पुसून नमुना घेतला. तिथल्या सिस्टरनं मान हलवली नाही, तोंड वाकडं केलं नाही. फक्त म्हणाली, "रिपोर्ट में कुछ रहा तो फोन करेंगे. नंबर यही है ना?"

मी न पाहता "हव" म्हटलं. बाई, तुझ्या पाया पडते, नंबर पाहून हव म्हणत जा. तो माझ्या जुन्या फोनचा नंबर होता. नवा घेतला तेव्हा बटणांचा जुना फोन मी सिमसकट आईला देऊन टाकला होता.

मला फोन आला नाही. मी म्हटलं, चला, सुटलो.

कोणीतरी विचारून राहिलं

त्याच दिवसांत घरातली हवा बदलली. दुसरा शब्द मला सापडत नाही.

संध्याकाळी मी घरी पोचायची तेव्हा आई दारात उभी असायची. पण ती माझ्याकडे पाहत नसे. माझ्या मागे पाहायची, अजून कोणी यायचं आहे तशी. एकदा मीही वळून पाहिलं. गल्ली रिकामी होती.

मग खिडकीत पोळीचा घास दिसू लागला, त्यावर गुळाचा खडा. विचारलं तर म्हणाली, "कावळ्यासाठी." त्या खिडकीला जाळी आहे. कावळा येणार कुठून?

एक दिवस मी तांदळाचा डबा उघडला तर आत लाल कापडात गुंडाळलेलं काहीतरी हाताला लागलं. आईचा फोन निघाला, बंद केलेला. "ओला झाला होता," आई म्हणाली. ओला फोन लोक तांदळात ठेवतात, म्हणून मी पुढे विचारलं नाही.

शहरातल्या पंडरी भागाच्या कापडबाजारातून ती एकटी जाऊन फ्रॉकचं कापड घेऊन आली. पिवळं, बारीक फुलांचं, जेमतेम सव्वा मीटर. रिया तेव्हा चौदा वर्षांची घोडी झाली होती. तेवढ्या कापडात तिचा एक हात झाकला नसता. "कोणासाठी गं आई?" तर म्हणे, "राहू दे. स्वस्त होतं."

मग रियानंच सांगितलं. आमची पोट्टी मराठी समजते सगळं, बोलते हिंदी. "मम्मी, नानी दोपहर को किसी कुंदा से बात करती है."

माझ्या हातातलं लाटणं थांबलं. "काय बोलते?"

"बोलती है, थांब वं बाई, मी येऊनच राहिली."

आईचं वय झालं होतं, आदल्या वर्षी दोनदा दूध उतू घालवलं म्हणून मीच तिला डॉक्टरकडे नेऊन विसरण्यावरची गोळी सुरू केली होती. पण कुंदाचं नाव? चाळीस वर्षांत न घेतलेलं नाव नेमकं आता काहून घेतलं तिनं? ते नाव मी उचललं होतं, अन् हे जगात मला एकटीलाच माहीत होतं.

रविवारी सकाळी मी आईसमोर बसले. "आई, कुंदाचं काय चाललंय?"

ती मेथी निवडत होती. मान वर केली नाही. "कोणीतरी तिले विचारून राहिलं. तीनदा विचारलं."

"कोणी?"

"बाई आहे. आवाज चांगला आहे तिचा. म्हणे, कुंदा आहे काय घरी."

"स्वप्नात?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत मला दिसलं की काहीतरी सांगावं की नाही हे ती ठरवून राहिली. मग म्हणाली, "हव. स्वप्नात."

आता कळतं. तिला वाटलं, खरं सांगितलं तर ही मला पुन्हा डॉक्टरकडे नेईल.

त्यानंतर मला ऑफिसातही चैन पडेना. नव्या रायपूरला एवढाले रुंद रस्ते आहेत अन् दुपारी त्यावर माणूस नसतो. काचेच्या शेडचे नवे बस स्टॉप, झाडांना पाणी देणारा टँकर, बस्स. आमच्या बिल्डिंगचा कॉरिडॉर इतका लांब की आपल्याच चपलेचा आवाज मागून परत येतो. एका दुपारी मी फाइल घेऊन चालले होते, अन् माझ्या चपलेच्या आवाजात अजून एक आवाज होता, बारीक, पैंजणाचा. मी थांबले की तोही थांबायचा. ऐकू आलं ते सांगते, तुम्हाला पटवून द्यायला बसले नाही. मी भिंतीला हात लावून उभी राहिले अन् हळूच म्हटलं, "कुंदाताई, चूक झाली माझी. पण आईला नेऊ नको."

ताई म्हटलं मी तिला, तेही आयुष्यात पहिल्यांदा. सात वर्षांच्या पोरीला.

रजिस्टर

तर त्या सोमवारी काउंटरवरच्या भैयानं काउन्सेलर दीदींना बोलावलं. दीदींनी मला पाहिलं अन् त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मला दंडाला धरून आत नेलं, खुर्चीत बसवलं, अन् आधी माझा हात दाबून पाहिला. मग तपासणीचं रजिस्टर काढलं.

"तीन बार फोन किया था, दीदी. हर बार एक माताजी ने उठाया. तीसरी बार रोने लगीं. बोलीं, बेटा, कुंदा तो कब की मर गई, अब क्यों बुलाती हो उसको?"

माझ्या डोळ्यांपुढे तांदळाचा डबा आला.

मेलेल्या बाईचा रिपोर्ट कोणाला द्यायचा? त्यांनी रजिस्टरला मृत्यू लिहिला, तो गोळ्यांच्या काउंटरवरच्या कम्प्युटरवर चढला, अन् रिपोर्ट फाइलमध्ये राहिला. अकरा आठवडे. दीदींनी तो माझ्यासमोर ठेवला. एच.पी.व्ही. नावाचा विषाणू सापडला होता अन् पिशवीच्या तोंडाशी काहीतरी बिघडलं होतं. लगेच यावं, असं लिहिलं होतं. लगेच या शब्दाखाली दोन रेघा होत्या.

हा विषाणू पुष्कळ बायांना होतो अन् आपोआप जातो. आपल्यासारखींच्या अंगात तो ठाण मांडून बसतो, अन् बसला की हळूहळू कॅन्सरकडे नेऊ शकतो. दीदींनी एवढंच सांगितलं, मीही एवढंच सांगते. कोणी दिला, कधी दिला, या भानगडीत पडू नका. मी पडले होते. मेलेल्या नवऱ्याशी आठ दिवस भांडले, निष्पन्न काही नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर मॅडमनी दुर्बिणीनं पाहिलं. बाजूच्या स्क्रीनवर मलाही दिसत होतं. स्वतःच्या अंगातली ती जागा मी जन्मात पाहिली नव्हती. ओली, गुलाबी, दिव्यात चमकणारी. मॅडमनी कापसानं औषध लावलं अन् म्हणाल्या, "अब देखिए."

आधी काही नव्हतं. मग एका बाजूनं ते पांढरं होऊ लागलं. दुधावर साय धरते तसं, हळूहळू, माझ्या डोळ्यांदेखत. मला दुखत नव्हतं, खाजत नव्हतं, काही म्हणजे काही होत नव्हतं. अन् ते आत होतं. मी ऑफिसात केक खात होते तेव्हाही होतं. कुंदाच्या पैंजणापेक्षा मला त्याची जास्त भीती वाटली.

मॅडमनी तुकडा तपासायला घेतला. आठ दिवसांनी सांगितलं, कॅन्सर नाही, पण त्या रस्त्याला लागलं आहे. तेवढा भाग काढून टाकायचा. उशीर झाला आहे, पण वेळ गेली नाही. मात्र ऑपरेशनच्या कागदाला आधार लागेल, अन् घरचं कोणीतरी सोबत लागेल.

आधारवर वनिता, फाइलवर कुंदा, अन् कुंदा मेलेली. अन् घरचं म्हणजे आई.

आई

मी आईला दुपारी सांगितलं, रिया शाळेत असताना. आधी गोळ्यांचं. मग नवऱ्याचं. मग नावाचं. ती ऐकत होती. मला वाटलं, आता ही माझं ताट वेगळं करील. इतकी वर्षं त्याच भीतीनं तर मी त्या पुस्तकाला भजनं म्हणत होते.

ती म्हणाली, "म्हणजे ते फोन तुह्यासाठी होते?"

"हो."

"कुंदाचे नव्हते."

"नाही, आई."

ती एकदम कडाडली. "तुले दुसरं नाव भेटलं नाही काय वं? जगातली सारी नावं मेली होती काय? माह्या मेलेल्या पोरीच्या डोक्यावर तू तुहा रोग ठेवला? तिनं काय केलं होतं तुह्यं?"

आजाराबद्दल एक शब्द नाही. नावाबद्दल भांडली. मग तिचा आवाज फुटला. "अन् मी? मी माह्या तोंडानं सांगितलं त्या बाईले, मेली म्हणून. दोन राहिल्या होत्या... नाही, एकच राहिली होती माह्याजवळ, अन् तिलेच मी मारलं."

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. जेवण माझ्याच ताटाशेजारी बसून केलं, माझ्या ग्लासातलं पाणी प्यायली, पण बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी नऊवारी नेसून, पिशवीत माझं आधार घेऊन दारात उभी राहिली. "चाल. पहिले तिचं नाव काढून आणू."

काउंटरवर ती माझ्या पुढे उभी राहिली. तिची हिंदी म्हणजे अशी: "भैया, ये मेरी छोटी पोट्टी, ये जिंदी है. मरी वो मोठी थी. दोनों मेरीच. तुम मोठीवाली को छोड़ दो, उसको कुछ नहीं हुआ. जो हुआ वो इसको हुआ."

भैया बिचारा गोंधळला. काउन्सेलर दीदी आल्या, त्यांनी समजावलं. जुनी नोंद पुसता येत नाही, दुरुस्त करता येते. दोन अर्ज, साहेबांची सही, आधारची झेरॉक्स. भैयानं विचारलं, "तो नाम क्या डालूँ?"

आईनं माझं पूर्ण नाव सांगितलं. माझं, माझ्या नवऱ्याचं, आडनाव. मोठ्यानं. मागे रांगेत पंचवीस माणसं होती. मी ओढणी तोंडावर ओढायला गेले तर तिनं माझा हात खाली केला.

वायरचा फास

ऑपरेशन म्हणावं एवढं मोठं नव्हतं. तिथेच सुई देऊन बधिर केलं अन् बारीक वायरच्या फासानं तो भाग काढला. मी जागी होते. मशीनचा घूं घूं आवाज, अन् मग जळल्याचा वास. तो वास आपलाच आहे हे कळायला मला जरा वेळ लागला. छताला एक ट्यूबलाइट फडफडत होती. सिस्टरनं माझ्या कपाळावर हात ठेवला अन् विचारलं, "आज सब्जी क्या बनाई?" मी म्हटलं, "चना भाजी." म्हणाली, "लहसुन डालती हो?" असं करत लसणावर आलो तोवर झालंही होतं. त्या बाईचं मी जन्मभर नाव काढीन.

पुढचे काही आठवडे बादली उचलायची नाही, ओझं नाही, नवऱ्याजवळ जायचं नाही. शेवटचं माझ्या बाबतीत सोपं होतं. पाणी जात राहिलं, थोडं रक्त, मी घाबरले, विचारून आले, ठीक होतं. आई बादल्या उचलायची अन् मला शिव्या घालायची. रिया पहिल्यांदाच मराठीत म्हणाली, "मम्मी, तू झोप." एवढंच, पण मराठीत. तिला मी बसवून सगळं सांगितलं आहे. मॅडमनी तिला या विषाणूची लस द्यायला सांगितली, तीही दिली. सुईला भिऊन तिनं सगळा वॉर्ड डोक्यावर घेतला.

काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट यायला पंधरा दिवस लागले. ते पंधरा दिवस कसे गेले ते विचारू नका. आईनं फोन तांदळातून काढून कमरेला खोचला होता. वाजला की पहिल्या घंटीलाच उचलायची अन् ओरडायची, "हव, वनिता जिंदी है! बोलो!" मोबाइल कंपनीच्या पोरींनाही तिनं हे सांगितलं.

रिपोर्ट चांगला आला. कडा साफ होत्या. पण मॅडमनी बजावलं, गोळ्या चुकवायच्या नाहीत अन् पुन्हापुन्हा तपासायला यायचं, तो परत येऊ शकतो. पिवळ्या कापडाचा आईनं हातानं फ्रॉक शिवला. तो कुठे आहे मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. खिडकीत घास मात्र आता ठेवत नाही. पैंजणाचं मी तिला सांगितलं होतं. ती म्हणाली, "घरात असली की असायचे तिच्या पायात पैंजण." मला हे कोणी सांगितलं नव्हतं.

परवा

परवा वर्षाची तपासणी होती. आम्ही दोघी त्याच बाकावर बसलो. मी ओढणी घेतली नव्हती. समोर एक तरुण पोरगी पूर्ण तोंड झाकून बसली होती अन् तिच्या मांडीवर खाकी कव्हरचं पुस्तक होतं. मी तिच्याकडे पाहून विचार करत होते की हिनं कव्हरवर काय लिहिलं असेल.

आतून सिस्टरनं कोणाला तरी हाक मारली. कोणी उठलं नाही. पुन्हा हाक मारली. मी त्या पोरीकडे पाहिलं, ती माझ्याकडे. तिसऱ्यांदा सिस्टर दारात येऊन ओरडली, "अरे वनिता कौन है? है कि नहीं?"

इतक्या वर्षांची सवय. त्या दारातून दुसऱ्याच नावाची हाक येईल म्हणून माझे कान वाट पाहत होते.

आईनं कोपर माझ्या बरगडीत खुपसलं. "ऊठ ना वं. तुलेच बोलावून राहिले. जिती आहेस ना? मंग ओ दे."

मी उभी राहिले अन् ओ दिली.